मागचं डावं दार

१ मार्च १९८६, शनिवार. पालघर.

पत्र आलं. बोईसरच्या रंगाच्या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर, एक एप्रिलपासून. आमच्या घरात पहिली पदवी माझी, आता टाइप केलेलं पहिलं पत्रही माझं. आईला वाचून दाखवलं. तिने ते हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि कागद चांगला आहे म्हणाली.

अट एकच. कंपनीची अॅम्बॅसिडर रोज सकाळी पालघरहून दोन साहेबांना घेऊन जाते. ती आमच्या दाराशी दोन मिनिटं थांबेल. तेवढ्यात मी चाकांच्या खुर्चीतून गाडीत बसायचं. बसले तर नोकरी, नाही तर नाही. ही अट मॅनेजरसाहेबांनी घातली असं आई बाजारात सांगते. खरं म्हणजे ती मीच घातली. मुलाखतीला आईने मला पाठुंगळीला घेऊन नेलं होतं आणि तिच्या लुगड्याला टोपलीतल्या बोंबलांचा वास होता. साहेब सभ्य गृहस्थ. रोज अशाच येणार का, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, सहाय्यिकेच्या मदतीने स्वतः गाडीत बसून येईन, कंपनीतल्या कोणाचाही हात मला लागणार नाही. त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी लिहून घेतलं.

आजपासून आईने मला उचलायचं नाही. बावीस वर्षं उचललं, पुरे झालं. तसं तिला सांगितलं. ती म्हणाली बरं, आणि मला उचलून मोरीत नेलं. उद्यापासून.

२ मार्च, रविवार.

मुंबईच्या अपंगांच्या शिबिरात खुर्चीबरोबर एक इंग्रजी पत्रक मिळालं होतं. खुर्चीतून गाडीत कसं जायचं, चित्रांसह. चित्रातली बाई गोरी, सहाय्यिका गोरी, दोघी हसत आहेत. वर लिहिलंय 'ट्रान्सफर'.

दिवसभर बसून त्याचे मराठीत अकरा नियम केले. नियम चौथा: 'सहाय्यिकेने आपले गुडघे उपविष्ट व्यक्तीच्या गुडघ्यांस टेकवून आधार द्यावा.' बी.ए.ला मराठी घेतल्याचं आज सार्थक झालं.

आईने विचारलं, काय लिहितेस. ट्रान्सफरचं आहे म्हटलं. संध्याकाळी बाजारातल्या तिघीजणी भेटायला आल्या. शालूची बदली झाली म्हणे, कुठे झाली? रुजू व्हायच्या आधीच बदली म्हणजे वरपर्यंत ओळख असणार, असं एकीचं मत पडलं. आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "कागदावर तसंच लिवलंय ना? मग मी काय खोटं बोलले?"

४ मार्च, मंगळवार.

सहाय्यिका मिळाली. नवसी. जव्हारकडची, मागच्या झोपड्यांत राहते, सकाळी मोळ्या विकते. नवरा जिवल्या बोईसरला एका कारखान्यात कंत्राटावर आहे. वय विचारलं तर म्हणाली, तुझ्याइतकं असेल, नाय तर नसेल.

तिला काम समजावून सांगितलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा खुर्चीकडे, म्हणाली एवढंच ना, आणि वाकून मला खांद्यावर घ्यायला लागली. थांबवलं. उचलणं वेगळं आणि सहाय्य करणं वेगळं, हे तत्त्व पाऊण तास सांगितलं. उचललेली वस्तू असते, सहाय्य घेणारी व्यक्ती असते. तिने सगळं ऐकून घेतलं. बदल्यात मी तिला लिहायला-वाचायला शिकवणार, म्हणजे अकरा नियम तिला स्वतः वाचता येतील.

तिने विचारलं, "वाचायला आलं म्हंजे मग उचलू काय?"

प्रगती होईल. आकलनशक्ती आहे.

६ मार्च, गुरुवार.

सरावाला गाडीही मिळाली. शेजारच्या सोजराबाईंच्या यजमानांची अॅम्बॅसिडर. यजमान गेले तेव्हापासून ती बदामाखाली विटांवर उभी आहे. चाकं नाहीत, इंजिन नाही. हे सोयीचंच, गाडी हलण्याची भीती नाही. चार दारांपैकी मागचं डावं तेवढं उघडतं. आत उजव्या कोपऱ्यात एक कोंबडी अंड्यांवर बसली आहे. सोजराबाईंच्या अटी दोन: दार आपटायचं नाही आणि कोंबडीला उठवायचं नाही. कोंबडी म्हणजे शेजारी बसलेले साहेब, असं मानायचं ठरवलं आहे.

विटांमुळे सीट चार बोटं उंच आहे. म्हणजे खरी गाडी सोपी जाईल.

९ मार्च, रविवार.

पहिला सराव. वेळ सत्तावीस मिनिटं. बसणं: नाही.

कारण शोधलं. मोजणी. मी एक, दोन, तीन म्हणते आणि तीनला उठायचं असतं. नवसी दोनलाच उचलते. का, तर तीनपर्यंत थांबलं की वजन जड होतं. वजन बदलत नाही हे तिला सांगितलं. ती म्हणाली मोळीचं बदलतं.

माझ्याकडूनही थोडी चूक झाली. डाव्या पायाकडून मी कधी अपेक्षा ठेवलेली नाही, पण उजवा पाय मी कायम कामावर धरला होता. तो अर्धवेळ आहे.

साहेब दोनदा ओरडले. सोजराबाई धावत आल्या.

११ मार्च, मंगळवार.

एकवीस मिनिटं. सुधारणा सहा मिनिटांची. याच वेगाने उतरत गेलो तर वीस तारखेपर्यंत वजाबाकीत उरणार काहीच नाही.

आज अडचण वेगळी. नियमांचा कागद नवसीने हातात धरायचा, तर तिचा एकच हात उरतो. दातांत धरला तर मला वाचता येत नाही. शेवटी सोजराबाईंना वाचायला उभं केलं. त्यांना 'उपविष्ट' शब्दाशी अडखळायला झालं आणि त्यांनी तिथे थांबून त्याचा अर्थ विचारला. तेव्हा मी हवेत होते.

आईचे थोरले भाऊ अण्णा सातपाटीहून आले होते, जाळ्यांच्या कामातून सुटी काढून. बदामाखाली बसून पाहत होते. जाताना आईला म्हणाले की पोरगी हुशार आहे, पण एवढं वाचून गलबत पाण्यात गेलं नसतं. मला ऐकू गेलं. वाईट वाटलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार.

आजचा दिवस लिहावासा वाटत नाही. तरी लिहिते.

सगळं नियमाप्रमाणे चाललं होतं. खुर्ची तिरकी, पाय ठेवायच्या पायट्या वर, गुडघ्याला गुडघे. मी अर्धी उठले आणि खुर्ची मागे सरकायला लागली. नियमांत मी चाकं अडकवायच्या दांडीला 'गतिरोधक' लिहिलं आहे. पण घाबरल्यावर तोंडातून गतिरोधक येत नाही. मी ओरडले, "ब्रेक! नवसी, ब्रेक!"

नवसीचा चेहराच उतरला. तिने मला हळूच खुर्चीत परत ठेवलं, नियमांचा कागद माझ्या मांडीवर ठेवला, आपला कोयता उचलला आणि गेली. मी हाका मारत राहिले.

आईला कळलं, मला नाही. बोईसरला कंत्राटी माणसाला सलग कामावर ठेवलं तर त्याला कायम करावं लागतं, म्हणून काही महिन्यांनी घरी बसवतात. त्याला तिथे ब्रेक देणं म्हणतात. जिवल्याला आतापर्यंत तीन ब्रेक मिळाले आहेत. तिन्ही वेळा त्यांची चूल बंद पडली.

म्हणजे मी नवसीला कामावरून काढलं, आणि तेही ओरडून, सोजराबाईंच्या समोर.

१६ मार्च, रविवार.

चिठ्ठी लिहिली. 'प्रिय नवसी, शब्दाच्या द्व्यर्थामुळे गैरसमज झाला.' मग आठवलं की तिला अजून 'न'च येतो. चिठ्ठी फाडली.

मला मोरीत पुन्हा आईलाच न्यावं लागलं. आज उचलताना तिने श्वास तोंडाने सोडला. कमरेचं काही आहे का विचारलं तर म्हणाली, काय नाय, वारा धरलाय.

उरले सोळा दिवस. भरपूर.

१८ मार्च, मंगळवार.

आई स्वतः झोपड्यांत जाऊन नवसीला घेऊन आली. काय बोलली ते सांगत नाही. नवसी दारात उभी राहून म्हणाली, बाय, मला काढायचं तं सरळ सांग, विंग्रजीत नको. मी तिची माफी मागितली. आयुष्यात कोणाची इतकी मनापासून मागितली नसेल. मग दोघी मिळून त्या दांडीला नवीन नाव दिलं: खीळ. गतिरोधक खोडलं. शुद्धतेपेक्षा माणूस मोठं, असं मी समासात लिहून ठेवलं आहे.

सराव: सोळा मिनिटं. बसले. संपूर्ण बसले. डोकं दाराच्या वरच्या काठाला आपटलं, पण आतल्या बाजूने.

२१ मार्च, शुक्रवार.

नऊ मिनिटं.

बसल्यावर सीटवरून नवसीकडे पाहिलं. ती घामाघूम, मी घामाघूम. चित्रातल्या बायका हसत होत्या ते कशाला, ते आज कळलं. आम्हीही हसलो. साहेब अंड्यांवरून न उठता आमच्याकडे पाहत राहिले.

दोन मिनिटांसाठी आता फक्त सात मिनिटं कमी करायची आहेत.

२३ मार्च, रविवार.

नवसी म्हणाली, उद्या शिमग्याला गावाला जाते.

मी म्हटलं, कंपनीची गाडी एक तारखेला येणार. ती म्हणाली, शिमगा पंचवीसला येणार. पुन्हा कधी येशील विचारलं, तर नाच संपला की. नाच कधी संपतो? पाय दुखले की.

मी तिला समजावून सांगणार होते की हा केवळ माझा प्रश्न नाही, अपंगांना संधी मिळावी या मोठ्या प्रश्नाचा हा भाग आहे. पण तिचं गाठोडं बांधून झालं होतं आणि त्यात जिवल्याचा नवा सदरा दिसत होता. वर्षातून एकदा ती माहेरी नाचते. तिने जावंच. मी तसं म्हटलं. ती गेल्यावर खुर्ची दाराकडे पाठ करून फिरवून घेतली.

२५ मार्च, मंगळवार. होळी.

पर्यायी व्यवस्था. अण्णांना सहाय्यक नेमलं. त्यांनी नियम ऐकले, मान डोलावली, आणि माझ्या काखेत हात घालून मला होडीत टोपली फेकावी तसं गाडीत टाकलं. वेळ चार सेकंद. कोंबडी बाहेर, तीन अंडी फुटली.

सोजराबाईंनी गाडीचं दार दोरीने बांधून ठेवलं.

२६ मार्च, बुधवार.

मानसिक सराव. डोळे मिटून अकरा नियम क्रमाने. एक मिनिट चाळीस सेकंद. म्हणजे मनाची तयारी पूर्ण आहे, उरलं फक्त शरीर.

२८ मार्च, शुक्रवार.

सोजराबाईंनी दोरी सोडली. मी त्यांच्या मुलीच्या इंग्रजी निबंधाला मदत केली.

नवसी नाही. रस्त्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं आहे. सकाळपासून नऊ वेळा ठरवलं.

२९ मार्च, शनिवार.

दुपारी आई बाजारात होती. मी एकटीने करून पाहिलं. पत्रकाच्या शेवटच्या पानावर एकटीने बसणाऱ्या बाईचंही चित्र आहे. तिचे दंड माझ्यापेक्षा जाड आहेत, हे नंतर लक्षात आलं.

खीळ घातली होती. दाराला धरून उठले. उठलेही. मग खुर्ची आणि गाडीच्या मधल्या जागेत खाली गेले.

लागलं नाही फारसं. कोपर सोलवटलं. हाक मारायची नाही असं ठरवलं. पाऊण तास तिथे पडून होते. गाडीची खालची बाजू यापूर्वी कधी पाहिली नव्हती. विटा एकूण बावीस आहेत. बदामाची पानं लाल होऊन पडतात तेव्हा कडेने आधी लाल होतात. असं काहीबाही पाहत होते, म्हणजे रडू येत नाही. तरी आलं. बी.ए. होऊन, सेकंड क्लास मिळवून, पदवीदानाला टोपी घालून, मी एका मेलेल्या गाडीखाली कोंबडीच्या विष्ठेत पडले होते आणि मला तोंड पुसायलाही हात मोकळा नव्हता.

आई आली. टोपली डोक्यावरून उतरवली. धावत आली आणि एकदम थांबली. मीच तिला सांगितलं होतं, उचलायचं नाही म्हणून. ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली. पदराने माझं तोंड पुसलं.

मग तिने विचारलं, "उचलू काय?"

मी नाही म्हटलं.

ती बरं म्हणाली. बसून राहिली. सोजराबाई येऊन पाहून गेल्या. कावळा येऊन टोपलीत तोंड घालून गेला, तरी आई उठली नाही.

मग मी हो म्हटलं.

उचलताना तिच्या कमरेत काहीतरी मोडल्यासारखा आवाज आला. मला खुर्चीत ठेवेपर्यंत तिने मला सोडलं नाही. मग भिंतीला धरून आत गेली आणि आडवी झाली.

३० मार्च, रविवार.

आई उठू शकत नाही. वैद्यांनी लेप दिला, पंधरा दिवस काही उचलायचं नाही म्हणाले. टोपलीही नाही.

आता नोकरी लागलीच पाहिजे. पूर्वी लागावी असं वाटत होतं. हे वेगळं.

आईला म्हटलं, माझ्यामुळे झालं. ती म्हणाली तुझ्यामुळे नाय, तू हलकी हायस, परवा पापलेटाची टोपली भारी होती.

३१ मार्च, सोमवार.

दुपारी बारा वाजता नवसी आली. केसांत रंग, पायांना सूज. मी काही बोलायच्या आत तिने हात पाठीमागे घेतले आणि अकरा नियम म्हणून दाखवले. तोंडपाठ. तिच्या भाषेत, पण क्रमाने. गावाला बायांना शिकवले म्हणे, त्या नाचताना म्हणत होत्या.

मी खुर्ची बदामाकडे वळवली.

सराव सहा वेळा. सात मिनिटं, पाच, चार, साडेतीन, तीन, दोन मिनिटं दहा सेकंद. शेवटच्या वेळी मी एक, दोन, तीन म्हटलं नाही. ती म्हणाली, बाय, तू फकस्त माझ्याकडं बघ. मी बघितलं आणि बसले होते.

दहा सेकंद उद्या वाचतील. खऱ्या गाडीखाली विटा नाहीत.

१ एप्रिल, मंगळवार. सकाळी ६.

निळी साडी. डबा. पेन. रोजनिशी पर्समध्ये घेते आहे, पहिला दिवस जागच्या जागी टिपायचा आहे. पाणी मुद्दाम कमी प्यायले. नवसीने आईला उशीला टेकवून खिडकीशी बसवलं, तिला तिथून रस्ता दिसतो.

८.२५. गाडीत.

एक मिनिट पन्नास सेकंद. एक मिनिट पन्नास. ड्रायव्हर भिकाकाकांनी घड्याळ पाहिलं, मागे बसलेल्या साहेबांनी पाहिलं, पुढच्या साहेबांनी मागे वळून पाहिलं आणि वा म्हणाले. खुर्ची घडी करून डिकीत गेली. खिडकीत आई. नवसी रस्त्यावर उभी राहून दोन्ही हात कपाळाला लावून सावली करून गाडी जाईपर्यंत पाहत होती. मी हात हलवला. सैन्य जिंकून परतताना असंच वाटत असेल.

९.०५. कंपनीच्या फाटकात.

इमारत चांगली आहे. तीन मजले. टेलिफोनची खोली तळमजल्यावर, दार इथून दिसतं. पंधरा पावलं असतील. दोन्ही साहेब उतरून आत गेले. भिकाकाकांनी खुर्ची काढून उघडून दाराशी आणून ठेवली आणि आदबीने चार हात लांब जाऊन उभे राहिले.

९.१०.

एक गोष्ट लक्षात आली आहे. अकराही नियम बसण्याचे आहेत.

९.२५.

शांतपणे विचार केला. बसणं उलटं केलं की उतरणं. म्हणून अकरावा नियम आधी, मग दहावा. पाय बाहेर काढले. दहावा झाला. नववा, डोकं बाहेर. झालं. आठव्या नियमात सहाय्यिका लागते.

नवसी पालघरला आहे.

सरावाच्या वेळी ती मला गाडीतून कशी उतरवायची ते आठवून पाहिलं. मोळी उतरवतात तशी, एका झटक्यात, मी घड्याळात वेळ पाहत असताना. ते पद्धतीत बसत नव्हतं म्हणून मी कधी टिपलं नाही.

९.४०.

पाय बाहेर, डोकं बाहेर, मधली मी आत. भिकाकाका जमिनीकडे पाहत आहेत. त्यांना म्हटलं जरा हात द्याल का. ते म्हणाले, ताई, साहेबांची सक्त ताकीद हाय. मॅनेजरसाहेबांनी काल सगळ्या स्टाफला बोलावून सांगितलं म्हणे: नव्या बाई स्वावलंबी आहेत, त्यांना कोणीही हात लावायचा नाही, त्यांचा अपमान होतो.

खिडक्यांतून माणसं पाहत आहेत. सगळे कौतुकाने पाहत आहेत. कोणी हलत नाही.

१०.३०.

झाडलोट करणाऱ्या रखमाबाई आल्या. त्यांना ताकीद पोचली नव्हती. त्यांना आठवा नियम सांगितला. त्यांचे गुडघे संधिवाताचे आहेत, वाकत नाहीत. त्या म्हणाल्या, ड्रम चढवणारी दोन पोरं बोलावते, शंभर किलोचा ड्रम उचलतात, तुमी काय. मी म्हटलं मी ड्रम नाही. त्या म्हणाल्या तसं नव्हे हो. पण झाडू घेऊन निघून गेल्या.

हो म्हणायला हवं होतं का? आई असती तर थांबून पुन्हा विचारलं असतं.

१०.५०.

मॅनेजरसाहेब स्वतः गाडीपाशी आले. चौकशी केली. मी सांगितलं की उतरण्याच्या टप्प्यावर काम चालू आहे. ते म्हणाले, सावकाश, घाई नाही. मी म्हटलं मस्टर इथे पाठवता येईल का, सही करते. त्यांना वाईट वाटलं. मस्टर ऑफिसबाहेर काढता येत नाही. म्हणजे मी कंपनीत आहे आणि गैरहजर आहे.

तोपर्यंत स्टोअरकीपरांची मेहुणी सुलू टेलिफोनवर बसते आहे. इथून तिचा आवाज येतो. हॅलो नीट म्हणते.

११.३०. बोईसर स्टेशन.

मुंबईच्या गाडीने एक मोठे गिऱ्हाईक येणार होते, कंपनीची मोटार एकच. पाय आत घेतले. स्टेशनवर गेलो. गृहस्थ शेजारी बसले, कंपनीने न्यायला माणूस पाठवला म्हणून त्यांना बरं वाटलं. त्यांनी कापडाच्या रंगाबद्दल विचारलं. मी रंगांची संस्कृत नावं सांगितली. ते खूश झाले.

दुपारी २.

त्यांना जेवायला नेलं, आणलं. मी गाडीत डबा खाल्ला. पाणी प्यायले नाही.

४.१०.

गृहस्थांना पुन्हा स्टेशनवर सोडलं. जाताना त्यांनी साहेबांसाठी निरोप दिला की तुमची गाडीतली बाई फार हुशार आहे. आता हा निरोप पोचवायला मला आत जाता आलं पाहिजे.

५.२०.

मॅनेजरसाहेब काचेशी आले. फार सौम्यपणे बोलले. तीन दिवस देतो म्हणाले. तीन दिवसांत मी टेलिफोनपर्यंत पोचले तर पत्र कायम, नाही तर सुलू आहेच. एक माणूस बरोबर आणायला मी परवानगी विचारली. ते म्हणाले, गाडीत जागा कुठे आहे? चौथ्या सीटवर तुम्हीच बसता.

हे खरं आहे.

संध्याकाळी ६.१५. घर.

नवसी रस्त्यावरच होती. दार उघडलं, एका झटक्यात उतरवलं, खुर्चीत ठेवलं, मोरीत नेलं. माझं तोंड पाहून तिला कळलं असावं. बाहेर आल्यावर हळूच म्हणाली की जिवल्याची सायकल हाय, दोघी पहाटं निघू, मी चालवते, तू मागं बस. सायकलवर बसायचे नियम नाहीत माझ्याकडे. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली बरं हाय.

आई उशीला टेकून सकाळच्याच जागी बसली होती. तिने दिवसभर रस्ता सोडला नव्हता. अंगाला लेपाचा वास. मला जवळ बोलावलं, हात धरला, तळवा उलटा करून पाहिला, जसं काही काम तिथे लिहिलेलं दिसणार होतं.

"काम कसं हाय गो? जड हाय काय?"

"नाही आई," मी म्हटलं. "बैठं काम आहे."

ती बरं झालं म्हणाली आणि सकाळपासून पहिल्यांदा आडवी झाली.